मिशनच्या नावाखाली फुकट गाणे थांबले पाहिजे : जयंतीच्या हंगामातील गायक जोडप्यांचा प्रश्न

शाळेच्या पुस्तकातला वसंत कोकिळेचा आणि आंब्याच्या मोहोराचा असतो. आपल्या वस्त्यांतला वसंत ११ एप्रिलला जोतीरावांच्या जयंतीने सुरू होतो, १४ एप्रिलला भरात येतो आणि बुद्धपौर्णिमा ओलांडून पार मे अखेरपर्यंत चालतो. मराठवाड्यात ऊसतोडीला गेलेली माणसे मार्च-एप्रिलमध्ये गावाकडे परततात, मुंबई-पुण्याचे चाकरमाने मे महिन्यात सुट्टी काढून येतात. म्हणून गावोगावी जयंतीची तारीख सोयीप्रमाणे पुढे-मागे होते. बाहेरच्यांना याचे हसू येते. त्यांना कळत नाही की कष्टकरी समाज आपला उत्सव पंचांग बघून करीत नाही, माणसे गोळा झाली की करतो.

या दीड-दोन महिन्यांत महाराष्ट्राच्या रस्त्यांवर शेकडो गायन पार्ट्या फिरत असतात. त्यांतल्या कित्येक पार्ट्या म्हणजे एक नवरा-बायको आणि पाच-सहा साथीदार. तो गातो, पेटी वाजवतो. ती गाते, कोरस सांभाळते, आणि उतरल्या ठिकाणी सगळ्यांच्या चहाचेही तीच बघते. मागे एक ढोलकीवाला, एक बेंजोवाला, एक ऑर्गन, एक ऑक्टोपॅड. १४ तारखेची रात्र परभणीत, १५ ला हिंगोली, १६ ला वाशीम आणि १७ ला थेट मनमाड. शेवटचा पल्लाच तीनशेहून अधिक किलोमीटरचा, तोही पारा चाळिशीपलीकडे गेलेला असताना, भाड्याच्या गाडीत, पायाशी वाद्ये आणि मांडीवर लेकरू घेऊन. या जोडप्यांविषयी आपण स्टेजवरून भरपूर गौरवाचे बोलतो. त्यांच्या हिशोबाविषयी मात्र जयंतीच्या कोणत्याही बैठकीत बोलत नाही. हा लेख त्या हिशोबाविषयी आहे.

सुपारीचे गणित

आमचा अनेक गायक जोडप्यांशी परिचय आहे. त्यांच्याकडून जे ऐकतो त्यावरून एक उदाहरण मांडतो. समजा, एका कार्यक्रमाची सुपारी २५ हजारांना ठरली. गाडीभाडे आणि डिझेल मिळून ७ हजार गेले. सहा साथीदारांना प्रत्येकी दीड हजार म्हणजे ९ हजार. ऑर्गन, ऑक्टोपॅड भाड्याचे असतील तर २ हजार. वाटेतले जेवणखाण दीड हजार. झाले १९,५००. दोघा गायकांच्या हाती उरले ५,५००.

आता रात्री कार्यक्रम संपल्यावर समितीचा खजिनदार म्हणतो, "दादा, वर्गणी कमी पडली, ५ हजार कमी घ्या. आपलंच मिशन आहे." ते ५ हजार ढोलकीवाल्याच्या पैशातून कापता येत नाहीत, डिझेलमधून तर नाहीतच. ते पूर्णपणे त्या दोघांच्या ५,५०० मधून जातात. म्हणजे दोन माणसांनी रात्रभर घसा फोडून घरी न्यायचे ५०० रुपये. समितीला वाटते आपण २५ हजारांतले फक्त ५ हजार कमी केले, पाचवा हिस्सा. प्रत्यक्षात त्या जोडप्याची जवळपास सगळी कमाई काढून घेतलेली असते.

हंगामात असे २० कार्यक्रम मिळाले, तर ५,५०० च्या हिशोबाने १ लाख १० हजार होतात. त्यावर वर्ष काढायचे म्हटले तर महिन्याला दोघांत मिळून जेमतेम ९ हजार. त्यांतल्या निम्म्या समित्यांनी वरच्यासारखी कपात केली तर वर्षाचे ६० हजार, म्हणजे महिन्याला ५ हजार. पावसाळ्यात कार्यक्रम नसतात. मग हीच माणसे वीटभट्टीवर, रोजंदारीवर, नाहीतर पुढच्या हंगामाचा इसार आधीच उचलून दिवस काढतात. आणि ज्याने इसार उचलला, त्याला भाव ठरवता येत नाही.

"जलसाकारांनी कुठे पैसे घेतले?"

हा प्रश्न आम्हाला दरवेळी ऐकवला जातो, म्हणून त्याचे उत्तर इतिहासातूनच दिले पाहिजे.

भीमराव कर्डक आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या जलशांनी बाबासाहेबांचा विचार ज्या वस्तीत वर्तमानपत्र पोहोचत नव्हते तिथे पोहोचवला. खुद्द बाबासाहेबांनी आपल्या दहा सभांच्या तोडीचे काम एक जलसा करतो असे मानले होते, ही आठवण चळवळीत सर्वांना ठाऊक आहे. पण त्या काळचे अनेक जलसाकार गिरणीत, गोदीत, रेल्वेत, नगरपालिकेत नोकरीला होते. दिवसा पाळी करायची, रात्री जलसा. पगार गिरणी देत होती, म्हणून गाणे फुकट देता येत होते. त्यांच्या त्यागाचे मोल यामुळे तसूभरही कमी होत नाही. पण त्या त्यागाखाली एक नियमित पगार होता, हे विसरून चालणार नाही.

तो पगार गेला. जानेवारी १९८२ मध्ये गिरणी संप सुरू झाला आणि त्यानंतर मुंबईच्या गिरण्या एकेक करून बंद पडत गेल्या. ज्या कामगार चाळींतून शाहीर आणि गायक उभे राहत होते, तिथल्या चुली थंडावल्या. आज गाणारी जी पिढी रस्त्यावर आहे तिच्यामागे पगाराची नोकरी नाही. गाणे हाच तिचा रोजगार आहे. अशा माणसाला "जलसाकारांसारखे फुकट गा" म्हणणे म्हणजे जलसाकारांची गिरणी काढून घ्यायची आणि त्यांचा त्याग तेवढा मागायचा.

वामनदादा कर्डकांचे उदाहरणही असेच वापरले जाते. सिन्नर तालुक्यातल्या देशवंडीत १९२२ साली जन्मलेला हा महाकवी आयुष्यभर वस्त्या-वस्त्यांतून गात फिरला. दादांनी संपत्ती जमवली नाही, हे खरे. पण ज्या समाजाने त्यांची गाणी रात्र-रात्र ऐकली, त्या समाजाने त्यांच्या गाण्यांचे रेकॉर्डिंग, जतन, मानधन यांची काय व्यवस्था लावली होती, हा प्रश्न विचारायचे आपण टाळतो. दादांची गरिबी हा त्यांचा मोठेपणा म्हणून सांगितली जाते. तो त्यांचा मोठेपणा असेल, पण समाजासाठी ती अभिमानाची गोष्ट नाही.

बाबासाहेबांनी १९३६ साली काढलेल्या पक्षाचे नाव स्वतंत्र मजूर पक्ष होते. फेब्रुवारी १९३८ मध्ये मनमाडला रेल्वे कामगारांसमोर त्यांनी ब्राह्मणशाही आणि भांडवलशाही हे कामगारांचे दोन शत्रू सांगितले. त्या मनमाडच्या स्टेशनावर आज पहाटे चार वाजता एखादे गायक जोडपे पेटी उशाला घेऊन पडलेले दिसते, आणि त्याची मजुरी बुडवणारा भांडवलदार नसतो, निळा फेटा बांधलेला आपलाच माणूस असतो. हे आम्हाला सहन होत नाही आणि तुम्हालाही होऊ नये.

पोस्टरवर तिचे नाव कुठे आहे?

आता जोडप्यातल्या बाईकडे वेगळे बघू, कारण तिचा प्रश्न नवऱ्याच्या प्रश्नात झाकून जातो.

सुरुवातीच्या आंबेडकरी जलशांत स्त्रीची भूमिकाही पुरुषच करीत. तमाशाच्या फडावर आपल्या लेकीबाळींचे जे झाले त्याचा तो निषेध होता. पट्ठे बापूराव आणि पवळा ही जोडी आठवा. एक ब्राह्मण कुलकर्ण्याचा मुलगा, एक महार समाजातली कलावंतीण. दोघांनी मिळून फड गाजवला. इतिहासाने त्याला शाहीर म्हणून मान दिला आणि तिला त्याच्या गोष्टीतली देखणी बाई करून टाकले. लावणी जिच्या गळ्यामुळे लोकांपर्यंत गेली तिची ओळख एवढीच.

पुढे कव्वालीच्या जंगी सामन्यांचे दिवस आले. एका बाजूला गायक, दुसऱ्या बाजूला गायिका. त्यातही बाईला टोमणे मारून टाळ्या घेण्याची खोड होतीच. तरीही त्या गायिकांनी स्टेज सोडले नाही. आज नवरा-बायको खांद्याला खांदा लावून बुद्ध, फुले, आंबेडकर गातात, ही त्या सगळ्या वाटचालीतली पुढची पायरी आहे. एकतारी घेऊन दारोदार गाणाऱ्या कडूबाई खरात तर जोडीदार नसतानाही एकट्याच्या आवाजावर महाराष्ट्रभर ऐकल्या गेल्या.

पण आपल्या जयंतीच्या पोस्टरवर काय छापलेले असते? "सुप्रसिद्ध गायक अमुक अमुक आणि पार्टी." ती 'पार्टी'त गेली. फार तर 'सौ.' लावून खाली बारीक अक्षरात. पैसे नवऱ्याच्या हातात. गाडीतून उतरल्यावर नवरा मंडळींसोबत खुर्चीवर बसतो आणि ती आयोजकांच्या घरात जाऊन भाकरी थापायला मदत करते, कारण बाई माणूस नुसती कशी बसणार? शेवटची गोष्ट समितीने लादलेली नाही. ती आपल्या घरांतली सवय आहे आणि गायक नवऱ्यांनीही तिची जबाबदारी घेतली पाहिजे.

स्टेजवर आणखी एक प्रकार चालतो. बक्षीस देण्याच्या निमित्ताने माणसे वर चढतात, नोट गायिकेच्या हातातच द्यायची म्हणून हट्ट धरतात, फोटो काढतात. कुणी दारूच्या नशेत असतो. ती हसून नोट घेते, कारण त्या दहा-वीसच्या नोटांवरच उद्याच्या डिझेलची भर असते. स्टेजमागे कपडे बदलायला आडोसा नसतो, संडास नसतो, लेकराला झोपवायला जागा नसते. मासिक पाळीत सहा तासांचा प्रवास आणि चार तासांचे गाणे ती कसे करते, हे आजवर एकाही समितीने तिला विचारलेले आमच्या ऐकिवात नाही.

१९२८ साली मुंबईच्या विधिमंडळात बाळंतपणाच्या रजेच्या विधेयकाला पाठिंबा देताना, त्याचा भार मालकाने आणि सरकारने उचलावा अशी भूमिका घेणारे बाबासाहेब. स्त्रीच्या हक्कांसाठी हिंदू कोड बिल मांडणारे आणि ते मार्गी लागेना म्हणून १९५१ साली मंत्रिपद सोडताना त्याचा जाहीर उल्लेख करणारे बाबासाहेब. त्यांच्याच जयंतीला गाणाऱ्या बाईला तिच्या घामाचे पैसे तिच्या नावाने मिळू नयेत?

आणि त्यांच्या लेकरांचे काय? एप्रिल हा वार्षिक परीक्षेचा महिना. आई-बाप स्टेजवरून "शिका" सांगत असतात आणि मूल एकतर आजीकडे असते किंवा गाडीत. परीक्षा बुडाली तर पुढची पिढीही ढोलकीच उचलणार. आवडीने उचलली तर आनंद आहे. दुसरे काहीच हाती राहिले नाही म्हणून उचलली, तर आपण नवी बलुतेदारी तयार करतो आहोत.

गाण्याची किंमत या जोडप्यांनी आणखीही मोजली आहे

शीतल साठे आणि सचिन माळी हे कबीर कला मंचाचे जोडपे. नक्षलवादाशी संबंध असल्याचा आरोप त्यांच्यावर ठेवला गेला, त्यांनी तो नाकारला. २ एप्रिल २०१३ रोजी ते मुंबईत विधानभवनासमोर स्वतःहून हजर झाले. ही शरणागती नसून अभिव्यक्ती स्वातंत्र्यासाठी सत्याग्रह आहे, असे त्यांनी सांगितले. शीतल तेव्हा गरोदर होती. तिला त्याच वर्षी जूनमध्ये जामीन मिळाला, सचिनला जानेवारी २०१७ मध्ये. मधली जवळपास पावणेचार वर्षे त्या घराने कशी काढली असतील याचा विचार करा. बाहेर आल्यावर त्यांनी 'नवयान महाजलसा' उभा केला आणि पुन्हा रस्ता धरला. त्यांच्या राजकीय मतांशी कुणाचे जमो न जमो, या देशात गाणाऱ्या जोडप्याला काय मोजावे लागते ते यातून दिसते.

गाणे ऐकणाऱ्यालाही मोजावे लागते. मे २०१५ मध्ये शिर्डीत मोबाईलवर बाबासाहेबांच्या गाण्याची रिंगटोन वाजल्यावरून झालेल्या वादातून सागर शेजवळ या तरुणाला मारून टाकण्यात आले. जून २०२३ मध्ये नांदेडजवळच्या बोंढार हवेलीत अक्षय भालेरावचा खून झाला. गावात भीमजयंती काढल्याच्या रागातून तो झाल्याचे त्याच्या कुटुंबाने सांगितले. ज्या गावांत जयंती काढणे हेच धाडस आहे, त्या गावांत हे जोडपे रात्री गाते आणि रात्रीच पुढच्या गावाला निघते. समितीची माणसे तोवर मंडप आवरत असतात. गाडी गावाच्या शिवेबाहेर सुखरूप गेली का, हे बघणे कुणाचे काम आहे?

डीजेला आगाऊ, गायकाला उधार

"पोरांना डीजे लागतो, गायन पार्टी कोण ऐकतो?" हा दुसरा युक्तिवाद. डीजेवाला पूर्ण रक्कम हातात पडल्याशिवाय मशीन चालू करीत नाही, आणि समित्या ती मुकाट्याने देतात. गायकाला मात्र "कार्यक्रम झाल्यावर बघू." म्हणजे वर्गणी कमी पडलेली नसते. आधी कुणाला द्यायचे ते ठरलेले असते, इतकेच.

शिवाय डीजेवर वाजणारे गाणे कुणीतरी लिहिलेले, कुणीतरी गायलेलेच असते. डीजेचे पेनड्राइव्ह तुमच्या गावातल्या शिष्यवृत्तीच्या प्रश्नावर कडवे रचू शकत नाही. अत्याचाराची ताजी घटना गाण्यात आणू शकत नाही. समोरच्या म्हातारीने फर्माईश केली तर थांबू शकत नाही. गायन पार्टी हे आपले फिरते वर्तमानपत्र आहे. ते बंद पडले तर जयंतीत आवाज राहील, विचार उरणार नाही.

वेळेचीही गोष्ट आहे. ध्वनिप्रदूषण नियमांप्रमाणे रात्री १० ते सकाळी ६ लाउडस्पीकर बंद ठेवावा लागतो. वर्षातले काही मोजके दिवस, जास्तीत जास्त १५, राज्य सरकार ही मर्यादा रात्री १२ पर्यंत वाढवू शकते. म्हणजे मे महिन्यातल्या जयंतीला १० ची मर्यादा जवळपास ठरलेलीच. तरी आपल्याकडे पाहुण्यांचे सत्कार आणि पुढाऱ्यांची भाषणे साडेनऊपर्यंत चालतात. गायकांना मिळतो अर्धा तास, मग पोलीस येतात, आणि मग "कार्यक्रम झालाच कुठे?" म्हणून पैसे कापले जातात. ज्याने वेळ खाल्ला त्याचा सत्कार होतो, ज्याची वेळ गेली त्याचे पैसे जातात.

मग करायचे काय?

"काही गायक लाखांत मागतात, त्यांचे काय?" असेही विचारले जाते. असे मूठभर आहेत आणि त्यांच्याकडे व्यवस्थापक आहेत, ते आगाऊ घेऊनच येतात. त्यांच्याकडे बोट दाखवून २५ हजारवाल्याचे ५ हजार कापू नका. परवडत नसेल तर आधीच कमी रकमेला ठरवा, मोठे नाव बोलावू नका. ठरवल्यावर मात्र एक रुपया कमी करू नका.

नारायणगावला तमाशाच्या राहुट्या लागतात. गावोगावचे पंच तिथे येतात, बोली करतात, सुपारी ठरवतात. ज्या तमाशाला आपण मागासलेला समजतो तिथे व्यवहाराची एक रीत आहे. आपल्याकडे फोनवरचे "या दादा, बघून घेऊ." म्हणून आमचे म्हणणे असे आहे :

१. वर्गणीची पहिली बैठक होते तेव्हाच गायन पार्टीची रक्कम बाजूला काढा. साध्या कागदावर करार लिहा. तारीख, वेळ, रक्कम, साउंड कुणाचे, जेवण-मुक्काम कुणाकडे. निम्मी रक्कम इसार म्हणून, उरलेली स्टेजवर चढण्यापूर्वी.

२. पोस्टरवर दोघांची नावे सारख्या अक्षरात छापा. मानधन दोन भागांत द्या. तिचा हिस्सा तिच्या खात्यावर किंवा तिच्या फोनपेवर.

३. बक्षीस निवेदकाकडे किंवा स्टेजसमोरच्या पेटीत. गायिकेजवळ कुणीही जाणार नाही. दोन महिला कार्यकर्त्यांवर तिच्या राहण्याची, संडासाची, लेकराची जबाबदारी.

४. भाषणे साडेआठला संपतील. गायन पार्टीला पूर्ण दीड तास.

५. जातीय तणावाच्या गावात पार्टीची गाडी पुढच्या मुख्य रस्त्यापर्यंत दोन मोटारसायकली सोडून येतील.

६. कार्यक्रमाचे चित्रीकरण यूट्यूबवर टाकायचे असेल तर आधी गायकांची लेखी परवानगी. कॉपीराइट कायद्याने सादर करणाऱ्या कलावंताला त्याच्या सादरीकरणावर ५० वर्षे हक्क दिला आहे, आणि २०१२ च्या दुरुस्तीने व्यावसायिक वापरातल्या रॉयल्टीचाही. चॅनेल तुमचे, कमाई तुमची, गळा त्यांचा, हे चालणार नाही.

७. प्रत्येक समितीने कार्यक्रमानंतर शिक्क्यासह प्रमाणपत्र द्यावे. सरकारी वृद्ध कलावंत मानधन योजनेत अर्ज करताना आयुष्यभर गायल्याचा पुरावा मागतात, आणि हजारो कार्यक्रम केलेल्या माणसाकडे एक कागद नसतो. असंघटित कामगार म्हणून ई-श्रमवर नोंदणी झाली आहे का, तेही शिकलेल्या पोरांनी तिथल्या तिथे मोबाईलवर बघून द्यावे.

यातल्या एकाही गोष्टीला मोठा खर्च नाही. करारासाठी एक कागद, प्रमाणपत्रासाठी एक शिक्का, पाळणा बांधायला एक साडी. लागते ती एकच गोष्ट. गायक जोडप्याला उपकार मागणारा नव्हे, तर कामगार समजण्याची तयारी.

गायक मित्रांनाही आमचे सांगणे आहे. एकटे-दुकटे राहून हा प्रश्न सुटणार नाही. एका जोडप्याने लेखी करार मागितला तर समिती दुसऱ्याला बोलावते. तालुक्यातल्या सगळ्या पार्ट्यांनी ठरवले की इसाराशिवाय निघायचे नाही आणि दुसऱ्याची बुडवलेली रक्कम चुकती झाल्याशिवाय त्या समितीकडे जायचे नाही, तर पुढच्या हंगामात रीत बदलेल. 'संघटित व्हा' हे आपण इतरांना गाऊन सांगतो, ते आधी गाणाऱ्यांनी अंमलात आणावे.

आणि तरुणांनो, तुमच्या समितीच्या गेल्या जयंतीचा जमाखर्च मागवा. त्यात गायन पार्टीला ठरलेली रक्कम आणि दिलेली रक्कम शेजारी-शेजारी लिहून काढा. फरक दिसला तर तो फरक पुढच्या जयंतीची पहिली वर्गणी गोळा करण्यापूर्वी त्या जोडप्याच्या घरी नेऊन द्या.

जय भीम!